पंचविसावी शेवंड

"हात सगळो घाल गो," काका मागून म्हणाले. "अर्धो हात घालून कोणाच्या घराची झडती घेतत काय?"

मी खडपावर पालथी पडले होते. गाल शेवाळाला टेकलेला, उजवा हात खांद्यापर्यंत बिळात, आणि बोटांना लागत होतं ते नुसतं गार पाणी. सकाळचे सव्वासहा वाजले असतील. पौर्णिमेची ओहोटी होती. समुद्र पार मागे सरकला होता आणि एरवी पाण्याखाली असणारा काळा कातळ भोकाभोकांसकट उघडा पडला होता. मी हात बाहेर काढला आणि म्हटलं, हेही रिकामं.

ते दहावं बीळ होतं. पंधरा दिवसांपूर्वी या दहा बिळांतून दहा लहान शेवंडी काढून, त्यांच्या पाठीवर ज्या त्या बिळाच्या खुणेचे रंगीत ठिपके देऊन, मी त्या दोन फर्लांग दूर पलीकडच्या खडपात सोडल्या होत्या. त्यातली एक परत आली होती. दहात एक. मी तिथेच बसून रडले. सव्वीस वर्षांची घोडी, एम. एस्सी. झालेली, ओल्या परकरात बसून शेवंडींसाठी रडतेय! काकांनी तोंड फिरवलं आणि माझं आटपेपर्यंत समुद्राकडे बघत राहिले. तेवढी रीत त्यांना होती.

शेवंड म्हणजे काय हे आम्हा देशावरच्यांना सांगावं लागतं. कोळंबीची थोरली बहीण समजा. नांगी नाही, अंगभर काटे आणि अंगाहून लांब दोन मिशा. मोठ्या हॉटेलांत तिला लॉबस्टर म्हणतात. लहानपणी ती किनाऱ्याजवळच्या खडकांत बीळ धरून राहते. अंधारात खायला बाहेर पडते आणि उजाडायच्या आत घरी येते. आता ती येते ती कुठल्याही बिळात शिरते की आपल्याच, आणि दूर नेऊन सोडली तर आपलं घर शोधत येते का, हा आमच्या कोल्हापूरच्या सरांचा प्रश्न होता. सरांना पोहता येत नव्हतं आणि माशाच्या वासाने मळमळायचं. म्हणून प्रश्न त्यांचा आणि हात माझा.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. सरांनी निघताना बजावलं होतं, "इंदुमती, पन्नास सोडा. पंचवीस परत आल्या तर पुढच्या तीन वर्षांचं बोलू, तुमची पीएच. डी. तिथेच होईल. नाही आल्या तर एकतीस मार्चला गुंडाळा." एकेका खेपेला पंधराच दिवस द्यायचे, कारण लहान शेवंड वाढताना कात टाकते आणि पाठीवरचा रंग कातीबरोबर जातो. मग ती परत आली तरी ओळखायची कशी?

गुंडाळून मी जाणार कुठे, तेही सांगून टाकते. आई-वडील नव्हते. विट्याला दादा-वहिनी होते. दोघं वाईट नव्हते, पण त्यांच्या घरात माझी म्हणून जागा होती ती स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळातली एक खाट. शिवाय वहिनीने तिच्या आतेभावाचं स्थळ काढून ठेवलं होतं. बिजवर होते, पाटबंधाऱ्यात नोकरीला. "तुझं ते समुद्राचं खूळ उरकलं की बघू," असं ती दर पत्रात लिहायची. पंचवीस शेवंडी घरी आल्या तर मला त्या घरी जावं लागणार नव्हतं. एवढा साधा हिशेब होता.

काकांचं नाव जयराम कुबल. सत्तरीच्या आसपासचे, जातीने गाबित, म्हणजे पिढीजात मासे धरणारे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे होडीवर जाणं सुटलेलं, पण खडपातलं एकेक भोक त्यांना बोटांनी पाठ होतं. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सरांनी त्यांना वाटाड्या म्हणून ठरवलं आणि त्यांच्याच घराची पडवी मला राहायला घेतली. त्या वाडीत बारा घरं होती. त्यातली नऊ बंद, माणसं मुंबईला. मी बिळांना वहीत क्रमांक दिले होते. काकांनी त्यांना बंद घरांची नावं दिली होती. चार नंबर म्हणजे गोविंदाचं घर, सात नंबर म्हणजे तारामावशीचं. ती पहिली एक शेवंड परत आली तेव्हा ते म्हणाले होते, "गोविंदा घराक इलो," आणि खुदकन हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

पहिले काही आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचो. त्यांची मालवणी मला कळायची नाही आणि माझी भाषा त्यांना सरकारी वाटायची. संध्याकाळ फार वाईट जायची. दिवेलागणीला सगळी वाडी कशी चिडीचूप व्हायची! मी पडवीत बसून तीच ती वही परत परत वाचायची आणि काका आत चुलीपुढे बसून भिंतीशी पुटपुटायचे. कधी वाटायचं आत कुणी आलंय, म्हणून डोकवावं, तर एकटेच. एकदा मी विचारलं, कुणाशी बोलता? तर म्हणाले, कोणाशी नाय, जीभ गंजता म्हणून चालवतंय. मग हळूहळू मी आत जाऊन चुलीपाशी बसायला लागले. ते सारात कोकम जास्त घालायचे, मी तोंड वाकडं करायची, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी जास्त घालायचे. पहाटे ओहोटी लागली की दाराशी येऊन हाक मारायचे, "बाय, सुकती लागली." त्या हाकेआधी मी बऱ्याचदा जागीच असायचे, पण हाक येईपर्यंत उठायचे नाही.

तर त्या दिवशी रडून झाल्यावर चहाला बसलो. काकांनी विचारलं, एवढं काय झालं? मी सगळं सांगितलं. पन्नास, पंचवीस, एकतीस मार्च, बोळातली खाट, पाटबंधारे. नऊ शेवंडी आल्या नाहीत, अशाच नाही आल्या तर मी जाते, असं म्हटलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी उपडी घातली आणि फक्त एवढंच विचारलं, जाणार म्हणजे कायमची? मी म्हटलं, मग काय, कोण ठेवून घेणार आहे मला इथे?

दुसऱ्या खेपेला दहातल्या सहा आल्या.

माझा माझ्या हातावर विश्वास बसेना. बिळात बोटं गेली की मिशांचा खरखरीत स्पर्श, ओढून काढावी तर पाठीवर आपलेच दोन पिवळे ठिपके, आणि वही बघावी तर बीळही तेच. तिसऱ्या खेपेला सात आल्या, चौथ्या खेपेला आठ. सरांनी कार्डावर 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा मारल्या. वहिनीला मी कळवलं की बहुधा पुढची तीन वर्षं इकडेच. लिहिताना किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! मी बाजारातून पडवीसाठी आरसा आणला. काकांनी तो टांगायला खिळा ठोकला आणि त्यांच्या बायकोचं जुनं लुगडं फाडून मला पडदा करून दिला. मी पहिल्यांदा आडवी झाल्या झाल्या झोपायला लागले.

मला काहीच कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. संध्याकाळच्या ओहोटीला काका खुबे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला म्हणून एकटे पलीकडच्या खडपात जायचे आणि खुबे तर जेमतेम ओंजळभर आणायचे. रंगाच्या डब्या त्यांच्याच फळीवर असायच्या. सगळं समोर होतं. पण मला पंचवीस हव्या होत्या, आणि ज्याला हवं असतं तो कशाला चौकशा करत बसतो?

पाचव्या, शेवटच्या खेपेचे पंधरा दिवस मार्चच्या अखेरीस भरले. तोवर बावीस झाल्या होत्या. आणखी तीन हव्या होत्या. पहिल्याच बिळात एक सापडली, तिसऱ्यात दुसरी. चोवीस. काका बादली धरून माझ्यामागून येत होते. सात नंबरला, तारामावशीच्या घरी, मी आडवी झाले आणि हात घातला. मिशी लागली. मी ओरडलेच, "काका, पंचविसावी!"

ती बाहेर आली तशी माझ्या मुठीत दबली. शेवंड हातात घेतली तर टोचते, फडफडते, तळहात सोलून काढते. ही भिजवलेल्या पापडासारखी मऊ होती. रंगही फिका, आतलं दिसेल इतका. एक-दोन दिवसांपूर्वीच तिने कात टाकली होती. आणि तिच्या त्या नव्या कोऱ्या पाठीवर माझे तीन हिरवे ठिपके होते.

मी बराच वेळ ती तशीच धरून बसले. मग तिला परत बिळात सोडली, कारण मऊ शेवंड उघड्यावर ठेवली तर कुणीही खातं. उठून उभी राहिले.

"काका, हिने कात टाकलीय."

"होय."

"मग ठिपके कुठून आले?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "मीच काडले," ते म्हणाले. "शेवंड तीच हा. डावी मिशी मोडकी, माका ठावक आसा. साल टाकल्यान तर तुजो रंग गेलो. तू तिका घेतलं नसतंस."

"आणि बाकीच्या?"

"थोड्यो आपणहून इल्यो. थोड्यो मी हाडल्यो."

"कुठल्या आपणहून आल्या आणि कुठल्या तुम्ही आणल्या?"

"ता आता कसां सांगू?" ते म्हणाले. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी पलीकडच्या खडपात हात घालायचा, ठिपकेवाली लागली की रंग बघून तिच्या तिच्या घरी आणून ठेवायची. त्यात मोजायचं काय, असा त्यांचा चेहरा होता.

मी त्यानंतर जे बोलले ते सगळं सांगत नाही, पण थोडं सांगायला हवं. लबाड म्हटलं. माझं आयुष्य मातीत घातलंत म्हटलं. अंगठेबहाद्दर माणसाला कामाला ठेवलं की असंच व्हायचं, असंही म्हटलं. ते शेवटचं मी कोल्हापूरच्या लोकांना शोभेल अशा शुद्ध भाषेत म्हटलं. काका ऐकत उभे होते. भरतीचं पाणी त्यांच्या पायांत येऊन लागलं तसे ते म्हणाले की आता वर जाऊया, आणि माझी वही, चपला, बादली असं सगळं उचलून माझ्यापुढे चालायला लागले. मोतीबिंदूचा माणूस, तरी पाय कुठे चुकला नाही. चुकत मीच होते.

खोटं लिहायचा मोह झाला नाही असं नाही. दोन दिवस झाला. सरांना काय दिसणार होतं? पंचवीस तर पंचवीस. पण मला रात्रंदिवस ते ठिपके दिसत होते, थरथरत्या हाताने काढलेले, एक जरा मोठा, दोन लहान. शेवटी तिसऱ्या दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. नोंदी विश्वासार्ह नाहीत, बाहेरून हस्तक्षेप झाला आहे, आणि विश्वास ठेवावा अशा पहिल्या खेपेवरून पाहता लहान शेवंडी स्थलांतर केल्यावर मूळ बिळाकडे परत येत नाहीत असंच म्हणावं लागेल. काकांचं नाव घातलं नाही. तेवढी मोठी झाले होते मी. पाकीट बंद करण्याआधी, का कोण जाणे, चुलीपाशी जाऊन त्यांना वाचून दाखवलं, अर्थ सांगत सांगत.

त्यांनी पहिली वाक्यं मान हलवत ऐकली. ती त्यांना मान्य होती. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली.

"खोटां लिवलंस," ते म्हणाले.

मी हसलेच. म्हटलं, खोटं मी लिहिलं?

"त्यो येतत. तुज्या सायबाचे पंदरा दीस त्यांका कोणी सांगूक नाय. कोणाक म्हयनो लागता, कोणाक दोन. मधी वाळू, मासे खातत, वाट चुकतत. पण येतत. चाळीस वर्सां माजो हात हा त्या बिळांत."

"एवढं माहीत होतं तर उचलून कशाला आणल्या? वाट बघायची होती."

काका चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिले. लाकूड नीट पेटलेलं होतं, त्याला काही करायची गरज नव्हती. मग म्हणाले, "तू जातंय म्हणालंस."

मला वाटलं, माझ्या नोकरीची कीव आली म्हाताऱ्याला, म्हणून केलं. तशी समजूत करून घेतली आणि वाक्य न बदलता पाकीट चिकटवलं. एक एप्रिलला सकाळच्या गाडीने निघाले. काकांनी माझी ट्रंक डोक्यावरून फाट्यापर्यंत आणली. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. आरसा मी पडवीतच ठेवला होता. तो ट्रंकेत मावत नव्हता असं मी त्यांना सांगितलं.

पहिलं कार्ड मे महिन्यात विट्याला आलं. अक्षर पोस्टमास्तरांचं होतं आणि भाषाही त्यांचीच, शुद्ध. 'चि. इंदुमतीस जयराम कुबल यांचे आशीर्वाद. कळविण्यास आनंद वाटतो की गोविंदाच्या घरातील एक व तारामावशीच्या घरातील एक अशा दोन शेवंडी परत आल्या. मिशांवरून ओळख पटली. मी हात लावलेला नाही.' ते शेवटचं वाक्य पोस्टमास्तरांनी मुद्दाम अधोरेखित केलं होतं, म्हणजे काकांनीच सांगितलं असणार. मी कार्ड गादीखाली ठेवलं. पावसाळ्यात खडपावर कुणाला जाता येत नाही, तेव्हा काही आलं नाही. दसऱ्याला दुसरं आलं. आणखी पाच आल्या. दिवाळीनंतर तिसरं आलं. आणखी नऊ, मी हात लावलेला नाही.

एकाही कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही. आधी रागाने, कारण हे खरं असेल तर माझं पत्र खोटं ठरत होतं. मग लाजेने. अंगठेबहाद्दर म्हटलेल्या माणसाला, जो आता माझ्यासाठी दर कार्डाला पोस्टमास्तरांच्या पाया पडत असणार, त्याला काय लिहायचं? आणि लिहिलं तरी वाचून दाखवणार पोस्टमास्तर. त्या बोळातल्या खाटेवर पडून मी पहाटे जागी व्हायचे आणि हाकेची वाट बघत पडून राहायचे, ती यायची नाहीच. मग वहिनी बंब पेटवायला उठायची आणि मला उठावं लागायचं.

चौथं कार्ड मार्गशीर्षात आलं, एका रविवारी. म्हणजे आलं होतं शनिवारी, दादांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं होतं. मी मोरीशी सदरा धुवायला घेतला तेव्हा हाताला लागलं. उभ्याउभ्याच वाचलं.

'चि. इंदुमतीस आशीर्वाद. पन्नासच्या पन्नास शेवंडी परत आल्या. एकही राहिलेली नाही. आता तू ये.'

पन्नासच्या पन्नास. कुठल्याही समुद्रात असं होत नाही. निम्म्या तर पहिल्या आठवड्यातच माशांच्या पोटात जातात. कात टाकताना मरतात, जाळ्यात सापडतात. दोन फर्लांग वाळू ओलांडून, एवढ्या महिन्यांनी, सगळ्या? शाळेतलं पोरसुद्धा खोटं म्हणेल. त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं बिळांत हात घातला होता, त्याला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. या वेळी हात लावलेला नाही हे वाक्यही त्याने घातलं नव्हतं.

तेव्हा कुठे मला ते चुलीपुढचं बोलणं कळलं. कीव नव्हती ती.

बाहेर पाटावर पोह्यांची परात होती. चारला पाटबंधाऱ्यातले येणार होते. वहिनी पदर खोचत बोळात आली आणि माझ्या हातात कार्ड बघून म्हणाली, "कुणाचं गं?"

"कामाचं," मी म्हटलं. "तिकडे काही जनावरं हरवली होती. ती मिळाली."

"बरं झालं," ती म्हणाली. "चल, साडी बदल, साडेतीन वाजले."

मी साडी बदलली.